दोन हजार चाळीस जणींच्या भुवया

अंधेरीच्या त्या संस्थेचं माहितीपत्रक पंधरा रुपयांना मिळायचं, आणि इतकं थापेबाज पुस्तक मी त्याआधी पैसे मोजून कधी घेतलं नव्हतं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर एक गोरी बाई. तिने अंधेरी स्टेशनचा पूल जन्मात ओलांडला नसणार. आत प्रत्येक पानावर 'कॉस्मेटॉलॉजी' हा शब्द किमान चारदा. आमच्या धाकटीने तो शब्द आरशासमोर उभं राहून घोटला होता. मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत आई त्याला 'ते क्रीम-पावडरीचं' म्हणायची, बाबा 'ते पार्लरचं' म्हणायचे आणि मी 'ते सोंग' म्हणायचे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, घाटकोपरच्या एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक. कापून-कुपून हातात नऊशे वीस रुपये पडायचे. बाबांना संपानंतर गिरणीने परत बोलावलंच नव्हतं. ते एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते आणि मिळेल तो पगार आईच्या हातात ठेवून गप्प बसायचे. धाकटी एकोणीस वर्षांची. नाहूरला एका औषधांच्या कंपनीत रोजंदारीवर गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची. दहा महिन्यांच्या डिप्लोमाची फी अठ्ठेचाळीसशे रुपये, वर ॲप्रन आणि सामानाचे दोनशे. आमच्या घरात एकरकमी पाच हजार एकाच वाटेने येऊ शकत होते: माझ्या कचेरीच्या पतपेढीतून, माझ्या नावावर, माझ्या पगारातून तीन वर्षं कापून. त्यामुळे निर्णय माझा होता, आणि निर्णय आपल्या हातात असणं मला तेव्हा फार आवडायचं.

शनिवारी अर्धा दिवस भरून मी धाकटीला घेऊन पवईवरून जाणाऱ्या बसने अंधेरीला गेले. संस्था पहिल्या मजल्यावर. दार उघडताच एसीचा गार वारा अंगावर आला. 'बघ, हा वारा आपल्या फीमधून चाललाय,' असं मी धाकटीच्या कानात म्हटलं, तर ती लांब सरकून बसली. संचालिका मॅडम गोल फिरणाऱ्या खुर्चीत होत्या. बोलताना डावीकडे फिरायच्या आणि पैशांचा विषय निघाला की उजवीकडे.

"आमच्या मुली आरामात दोन-अडीच हजार कमावतात," मॅडम म्हणाल्या. "पर मंथ."

"कोण मुली?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"एखादीचा पत्ता द्या. मी भेटून येते."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांचं वय विचारलं. भिंतीवर पास झालेल्या मुलींचे फोटो लावलेले होते. मी मोजले, सत्तावीस. सगळ्या जणी हातात गुंडाळी केलेलं सर्टिफिकेट धरून एकाच बाजूला मान कलती करून हसत होत्या. ते हसणं बहुधा शेवटच्या महिन्यात शिकवत असावेत.

"ह्यांतल्या किती जणींचं स्वतःचं पार्लर आहे?"

"ऑलमोस्ट सगळ्यांचं."

"ऑलमोस्ट म्हणजे किती? वीस? दहा?"

धाकटीने मला कोपराने ढोसलं. मॅडम उजवीकडे फिरल्या आणि नियम सांगायला लागल्या. त्यातला एक नियम असा, की प्रॅक्टिकलसाठी प्रत्येक विद्यार्थिनीने आपल्या चाळीस मॉडेल्स आणायच्या. मॉडेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे साबणाच्या जाहिरातीतली बाई आली. मॅडम हसून म्हणाल्या, "अहो, कुणीही चालतं. आई, मावशी, शेजारीण, मैत्रीण. त्यांना सगळं फ्री." त्या सगळ्या दुकानात ही एकच गोष्ट मला उदार वाटली. मी मान डोलावलीसुद्धा, इतकी मी हुशार.

निघताना मॅडमनी खरंच एक पत्ता लिहून दिला, घाटकोपरचा. 'आमची स्टार स्टुडंट' म्हणाल्या. मला गप्प करण्यासाठी दिला असणार, पण दिला.

परतीच्या बसमध्ये मी तिकिटाच्या मागे हिशोब मांडला. पाच हजारांचं कर्ज, महिना एकशे सत्तरचा हप्ता, छत्तीस महिने, म्हणजे व्याजासकट सहा हजार एकशे वीस. आमच्या बाजूला भुवया कोरायचे तीन रुपये घेत. सहा हजार एकशे वीस भागिले तीन.

"दोन हजार चाळीस," मी धाकटीला म्हटलं. "दोन हजार चाळीस बायकांच्या भुवया कोरशील तेव्हा तू फक्त शून्यावर येशील. आपल्या चाळीत खोल्या किती? बावीस. त्यातल्या चार जणींना भुवया आहेत की नाहीत हेच कळत नाही."

"नुसत्या भुवया कशाला? फेशियल असतं, पंचवीस रुपये असतात त्याचे."

"फेशियल कोण करून घेणार? आई?"

ती खिडकीतून तलावाकडे बघत राहिली. माझ्या बोलण्याला उत्तर नसलं की ती अशी कशाकडे तरी बघत बसायची आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. वाद घालणाऱ्या माणसाला हरवता येतं. ही वादच घालत नसे.

घाटकोपरच्या पत्त्यावर मी एकटीच गेले, सोमवारी कचेरी सुटल्यावर. गल्लीच्या आतल्या गल्लीत एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली. बाहेर पाटी होती, पाटीवर त्या माहितीपत्रकातलीच गोरी बाई कुणा रंगाऱ्याने हाताने काढलेली, त्यामुळे ती थोडी सर्दी झाल्यासारखी दिसत होती. स्टार स्टुडंट माझ्याच वयाची निघाली. हसतमुख, मोकळी. तिने मला खुर्चीत बसवलं. ती खुर्ची वर-खाली व्हायची, नऊशे रुपयांची, असं तिने आपणहून सांगितलं. मी खरं काय ते सांगून टाकलं, की बहिणीला घालायचंय, कमाई किती होते ते कळायला आलेय. ती म्हणाली, "बस ना थोडा वेळ. बघशीलच."

मी पाऊण तास बसले. पहिली बाई आली, भुवया करून घेतल्या, आरशात डावी-उजवीकडून स्वतःला न्याहाळलं, हिच्या गालाला हात लावला, "येते गं" म्हणाली आणि गेली. दुसरी आली ती वाटीभर शिरा घेऊन आली, भुवया आणि वरचा ओठ करून घेऊन रिकामी वाटी घेऊन गेली. शिरा आम्ही दोघींनी खाल्ला, चांगला झाला होता. तिसरीने दीड रुपया दिला आणि बाकीचे पुढच्या वेळी म्हणाली.

"तू पैसे मागत का नाहीस?" माझ्याने राहवलं नाही.

"कशी मागू? ह्या सगळ्या माझ्या मॉडेल्स," ती म्हणाली. "दहा महिने मीच हातापाया पडून एकेकीला अंधेरीला नेलं. बसचं भाडं माझं, वर वडापाव माझा. चाळीस बायका काय झाडाला लागतात? बिल्डिंगमधल्या, मंडळातल्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्या वापरल्या. आता पैसे मागितले तर म्हणतात, तू शिकलीस ती आमच्या तोंडावर."

"आणि अनोळखी बायका?"

"अनोळखी बाई ह्या गल्लीत कशाला येईल?"

मी शिऱ्याची बोटं पुसत बसून राहिले. इतकी सरळ गोष्ट, आणि ती मला मॅडमसमोर दिसली नव्हती. ह्या मुलींना गिऱ्हाईक मिळणार ते ओळखीपाळखीतलं. त्यांची ओळखपाळख असते चाळीस-पन्नास बायकांची. त्या चाळीसच्या चाळीस जणींना संस्था आधीच फुकटाची सवय लावून टाकते आणि मग मुलीच्या हातात सर्टिफिकेट देऊन म्हणते, जा, आता कमव. लेकीला सासरी पाठवण्याआधी सासरचं घरच विकून खायचं, असला प्रकार. आणि हे कुणी मुद्दाम केलं होतं असंही मला वाटत नाही. मॅडमना एवढी अक्कल असती तर त्यांनी आणखी मोठा धंदा काढला असता.

तिला महिन्याला दीडशे सुटत होते. कर्ज तिच्या वडिलांनी फंडातून काढलेलं. तिच्या वर्गातली एक बोरिवलीच्या पार्लरमध्ये अडीचशेवर नोकरीला, बाकीच्या लग्न होऊन पांगल्या. "पण शिकवतात चांगलं हां," ती मला पोचवायला बाहेर येत म्हणाली. "खरंच झकास शिकवतात." तिच्या स्वतःच्या भुवया खरोखर सुंदर होत्या. मला तिची कीव आली आणि तिचा रागही आला, आणि खरं सांगायचं तर ह्या दोन्हींपेक्षा जास्त आनंद झाला. माझंच बरोबर निघालं होतं.

एवढ्यावर थांबले असते तर मी मी कसली. धाकटी उद्या म्हणेल, ताई नुसती मोडता घालते. म्हणून मी दुसरी जागाही शोधून काढली. कचेरीतल्या एका ख्रिश्चन बाईने सांगितलं, कुर्ल्याच्या गावठाणात तिची एक आंटी आहे, तीस वर्षं नवऱ्या सजवते. रविवारी धाकटीला घेऊन तिथे गेले. जुनं कौलारू घर, ओट्यावर सुकत घातलेले बोंबील, आत एक मोठा आरसा आणि एक लाकडी खुर्ची. एसी नाही, फोटो नाहीत. आंटी साठीच्या, जाडजूड, बोटांची नखं पार मुळापर्यंत कापलेली.

"फी काय नाय," आंटी म्हणाल्या. "सहा महिने माझ्या हाताखाली राबायचं. झाडू मारायचा, पिना काढून द्यायच्या, बघायचं. सहा महिन्यांनी शंभर रुपये देईन. वर्षाने कामाप्रमाणे."

"आणि प्रॅक्टिस कुणावर करायची?" मी मुद्दाम विचारलं.

"गिऱ्हाइकावर. अजून कुणावर?" आंटींना प्रश्नच कळला नाही. "ही बिघडवेल तर मी नीट करीन. पण पैसे पहिल्या दिवसापासून घ्यायचे. फुकट हात लावायचा नाय कुणाला. फुकट केलेलं काम बाईला आवडत पण नाय, घरी जाऊन खोट काढते."

मला तर आंटींच्या पाया पडावंसं वाटलं. सर्टिफिकेट मिळतं का, असं धाकटीने हळूच विचारलं. आंटी म्हणाल्या, "कागद पाहिजे तर पोस्टात जा." मी मोठ्याने हसले. धाकटी हसली नाही. तिने खुर्चीच्या हातावरून एकदा बोट फिरवलं.

त्या संध्याकाळी जेवणाआधी मी सगळ्यांना बसवलं. बाबा खाटेवर, आई भाकऱ्या थापायची थांबून परातीसमोर, धाकटी दाराला टेकून. मी कचेरीतून आणलेल्या फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारली होती. डावीकडे अंधेरी, उजवीकडे कुर्ला. मी वाचत गेले. अंधेरीला खर्च सहा हजार एकशे वीस, घरी पार्लर काढलं तर महिना दीडशे, म्हणजे हप्तासुद्धा निघणार नाही. नोकरी केली तर अडीचशे, त्यातून हप्ता वजा जाता उरले ऐंशी, त्यात बसभाडं. आत्ता गोळ्या भरून ती रोजचे नऊ रुपये आणते, ते दहा महिने बुडणार ते वेगळेच. कुर्ल्याला खर्च शून्य. मला आठवतंय, 'शून्य' म्हणताना मी थोडी थांबले होते, टाळ्या पडायला जागा ठेवतात तशी.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. माझ्या प्रत्येक हिशोबाला ते बरोबर आहे म्हणायचे.

"कुणाच्या घरी झाडू मारायला लावायचा म्हणजे..." आई पुटपुटली. "पण ताई म्हणते ते खरं असेल."

"तू बोल ना काहीतरी," मी धाकटीला म्हटलं. "आहे का ह्यात कुठे चूक? दाखव."

तिने कागद माझ्या हातातून घेतला. दोन्ही रकाने नीट वाचले. मग तो उलटा करून मागची बाजू बघितली, ती कोरी होती.

"तुझ्या बी.ए.चा हिशोब कुठाय?"

मला आधी ते टोमणा मारल्यासारखं वाटलं. "माझ्या बी.ए.चं इथे काय काम?"

"काही नाही. असंच विचारलं. कुठल्या कागदावर मांडला होता तो?"

आईने परातीतलं पीठ उगाच मळायला घेतलं. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्या जागी पूर्वी पाटल्या असत, आणि त्या का नव्हत्या हे त्या खोलीत चौघांनाही माहीत होतं. संप लांबला तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि धाकटी अकरावीला. कॉलेजची फी तशी फार नव्हती. पण हाताशी आलेली मुलगी आणखी दोन वर्षं वर्गात बसवायची तर घर कशावर चालणार? आईने पाटल्या भांडुपच्या सराफाकडे ठेवल्या आणि मी राज्यशास्त्र शिकत राहिले. धाकटीला अकरावीतून काढलं. 'तशीही तिला अभ्यासाची आवड नाही,' असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पाटल्या सुटल्या नाहीत.

मग आमचे बाबा, जे माझ्या प्रत्येक हिशोबाला बरोबर म्हणायचे, ते म्हणाले, "हे पण बरोबर आहे."

मी तडकले. फार बोलले. अभ्यासात डोकं चालत नव्हतं तुझं, एकोणपन्नास टक्के होते दहावीला, माझ्या पगारावर घर चालतंय, उगाच बरोबरी करू नकोस, असलं सगळं. ती ऐकून घेत राहिली आणि मग कागद घडी करून मला परत दिला. भाकरी झाल्यावर आम्ही चौघं जेवलो.

पण त्या प्रश्नाने माझं डोकं खाल्लं. टेबलावर फायली पडलेल्या असायच्या आणि मी माझ्या बी.ए.चा हिशोब करत बसायचे. नोकरी लागली ती टायपिंगच्या परीक्षेवर. टायपिंगचा क्लास महिना पंधरा रुपये. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई मॅट्रिक होती आणि आमचा पगार सारखाच होता. राज्यशास्त्रातलं एक वाक्यही मला कधी कुठल्या टिपणीत वापरता आलं नाही. म्हणजे अंधेरीच्या मॅडमना मी जी फूटपट्टी लावली होती ती माझ्या पदवीला लावली तर डावीकडे आईच्या दोन पाटल्या, एका मुलीची अकरावी, आणि उजवीकडे एक काळा गाऊन घालून काढलेला फोटो. तोही मान कलती करूनच काढलेला होता.

शेवटी मी पतपेढीचा अर्ज भरला. हरले म्हणून भरला, पटलं म्हणून नव्हे. हेडक्लार्क आणि आमचे शिपाई जामीन राहिले. पैसे अंधेरीला भरताना मॅडम डावीकडे फिरून गोड हसल्या आणि मी पावती दोनदा तपासली.

आता खरी गंमत ऐका. चाळीस मॉडेल्सचं गौडबंगाल ह्या जगात जर कुणाला पुरतं कळलेलं होतं तर ते मला. मी ते घाटकोपरला जाऊन, शिरा खाऊन शोधून काढलं होतं. तरी काय झालं? चाळीतल्या बावीस खोल्यांतून धाकटीने एकोणीस बायका नेल्या. आईच्या भजनातल्या सात जणी नेल्या. आईलाही नेलं, आणि ती तीन दिवस पदर कपाळावर ओढून फिरली. नाहूरच्या कंपनीतल्या सात मैत्रिणी झाल्या. चौतीसवर गाडी अडली, सहा कमी पडल्या. तेव्हा मी काय करावं? मी कचेरीतल्या सहा बायका घेऊन गेले. पगारदार बायका, महिन्याच्या एक तारखेला पर्समध्ये नोटा असलेल्या! धाकटीला पुढे कधी रोख पैसे देणारी गिऱ्हाइकं मिळायची असती तर ती हीच, दुसरी नाहीत. त्यांतली एक बिचारी पर्स उघडून विचारत होती, "काय द्यायचं गं तुझ्या बहिणीला?" आणि मी, फुलस्केप कागदाची मालकीण, हात उडवत म्हणाले, "छे छे, घरचंच आहे!" बहीण अंधेरीला शिकते ह्याचा मला तोपर्यंत तोरा चढला होता. पांढरा ॲप्रन घालून ती सफाईने हात चालवत होती आणि माझ्या कचेरीतल्या बायका आरशातून तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. त्या कौतुकातलं थोडं माझ्याही वाट्याला येत होतं. त्यासाठी मी तिचं सगळं गिऱ्हाईक वाटून टाकलं.

डिप्लोमा झाला. फ्रेम झाली. मग अगदी हिशोबाप्रमाणे झालं, एका पैशाचा फरक नाही. चाळीतल्या बायका उंबऱ्यावर येऊन बसायच्या, "जरा एवढं दोरा फिरव गं" म्हणायच्या आणि जाताना आईला कोथिंबिरीची जुडी देऊन जायच्या. कचेरीतल्या बायकांनी 'शनिवारी येऊ का तुझ्याकडे' असं विचारायला सुरुवात केली, आणि पर्स उघडण्याची गोष्ट पुन्हा कुणीच काढली नाही. चार महिन्यांत धाकटीने बोरिवलीला पार्लरमध्ये नोकरी धरली, पावणेतीनशेवर. मी अडीचशे धरले होते, तेवढीच काय ती चूक. मुलुंडहून बोरिवली, दोन बस, जायला दोन तास. दर महिन्याला पंच्याऐंशी रुपये, बरोबर अर्धा हप्ता, ती न बोलता माझ्या पर्समध्ये ठेवायची. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते बोलून दाखवायला मला एकदाही तोंड उघडता आलं नाही, कारण त्या सहा बायका मीच नेल्या होत्या.

सव्वा वर्षाने तिने बोरिवली सोडली. कुठे जाते म्हणून विचारलं तर म्हणाली, कुर्ल्याला. आंटींकडे. स्वतःच जाऊन आंटींना भेटली होती. आंटींनी सर्टिफिकेट बघायलाही मागितलं नाही. तीन महिने पिना काढून द्यायला लावल्या, मग हातात नवरी दिली. पुढच्या मे महिन्यात तिने एका महिन्यात माझ्याइतके पैसे आणले. आईने ते दोनदा मोजले आणि देवासमोर ठेवले.

शेवटचा हप्ता कापला गेला त्या आठवड्यात मी पतपेढीचा बेबाकीचा दाखला घरी आणला. रविवार होता, दुपार. धाकटी माझ्या भुवया करत होती. मला खाली बसवून ती माझ्या मागे खुर्चीवर बसली होती, माझं डोकं तिच्या गुडघ्यांना टेकलेलं. तीन वर्षं गिळलेलं माझ्या तोंडातून शेवटी बाहेर पडलंच.

"एक सांग. कुर्ल्यालाच जायचं होतं तर तेव्हाच का नाही गेलीस? मी तुला हात धरून नेलं होतं. सहा हजार रुपये वाचले असते गं. तुला एवढं साधं कळत नव्हतं?"

दोऱ्याचं टोक तिच्या दातांत होतं, त्यामुळे तिला लगेच बोलता येईना. तिने ती भुवई पुरी केली, दोरा सोडला, अंगठ्याने माझ्या कपाळावरचे केस झटकले.

"कळत होतं," ती म्हणाली. "तुझ्या कागदाच्या आधीच कळत होतं. घाटकोपरच्या त्या मुलीला मी तुझ्या आधी जाऊन भेटून आले होते."

मी वळून बघायला गेले तर तिने माझं डोकं धरून पुन्हा सरळ केलं.

"हलू नकोस, तिरकी होईल. आंटींची बोटं बघितली तेव्हाच मला समजलं, शिकायचं तर हिच्याकडे. पण ते फुकट होतं ना ताई. आपल्या घरात तुझ्यासाठी पाटल्या गेल्या. माझ्यासाठी कधी कुणी शेजारून पाच रुपये उसने आणले नव्हते. मला एकदा बघायचं होतं, माझ्यासाठी कुणी काही आणतं का."

समोर आई तांदूळ निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही.

"आणलंस ना तू," धाकटी म्हणाली आणि दुसऱ्या भुवईसाठी नवा दोरा तोडला. "अर्जावर सही करायला अकरा दिवस लावलेस. पण आणलंस."